काचेवरचे पारदर्शक ओलेड पडदे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी या भागातले सराफ, साड्यांचे दुकानदार, इंटिरिअरवाले, संग्रहालयांचे लोक आणि डिप्लोमाची मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान ५, ८ आणि १० वाचूनच पैसे मोजा.

१. पारदर्शक ओलेड म्हणजे नेमकं काय? नुसत्या काचेवर चित्र कसं उमटतं?

काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा अतिशय पातळ, वीज वाहणारा आणि आरपार दिसणारा थर देतात. त्यावर कार्बनी रसायनांचे काही थर असतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते २०० नॅनोमीटर. वरून दुसरा विद्युतअग्र (इलेक्ट्रोड). एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने धनभार आत शिरतात, मधल्या थरात त्यांची गाठ पडते आणि तिथेच प्रकाश तयार होतो. मागे बॅकलाइट लागत नाही.

असा चालणारा दोन थरांचा दिवा कोडॅक कंपनीत तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दाखवला, पण त्याचा वरचा विद्युतअग्र धातूचा होता, म्हणजे अपारदर्शक. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या फॉरेस्ट आणि थॉम्पसन यांच्या गटाने १९९६ मध्ये वरचा धातूथर इतका पातळ केला की प्रकाश त्यातूनही निघून जाईल, आणि त्यावर पुन्हा इंडियम टिन ऑक्साइड चढवलं. बंद असताना काच, चालू असताना दोन्ही बाजूंनी दिवा. पारदर्शक ओलेडची सुरुवात ही.

२. ७० टक्के पारदर्शक असं वाचलं होतं. दुकानातला पडदा तर गॉगलसारखा काळपट दिसतो, हे कसं?

वाचलेलं खोटं नाही. प्रिन्स्टनचा तो एकटा दिवा बंद असताना सुमारे ७० टक्के प्रकाश आरपार जाऊ देत होता. पण पूर्ण पडद्यात लाखो ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याला ट्रान्झिस्टर आणि तारा लागतात, आणि त्या प्रकाश अडवतात. अगदी जवळून पाहिलं तर पडदा खिडकीला लावलेल्या मच्छरदाणीच्या जाळीसारखा असतो: थोडा भाग उजळणारा, थोडा मोकळा. बाजारातल्या ५५ इंची पॅनेलमधून ४० टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार होतो. साध्या पांढऱ्या काचेतून जवळपास ९० टक्के जातो, म्हणून शेजारी ठेवल्यावर पडदा काळपट वाटणारच.

समोर आधीच टिंटेड काच किंवा सनफिल्म असेल तर गुणाकार करा. ५० टक्क्यांची फिल्म आणि ४० टक्क्यांचं पॅनेल मिळून २० टक्के उरतात, आणि पडद्याचा स्वतःचा उजेडही बाहेर जाताना निम्मा होतो. पॅनेलसमोरची फिल्म काढल्याशिवाय पुढचं काही करू नका.

३. ट्रान्सपरंट एलसीडी, एलईडी फिल्म आणि ओलेड यात फरक काय? विकणारा तिन्हींना एकच नाव देतो.

विकणाऱ्याने काय नाव दिलं त्याकडे लक्ष देऊ नका, तीन गोष्टी तपासा.

मागे उजेडाची पेटी आहे का? असेल तर ती पारदर्शक एलसीडी. तिच्यातून १०-१५ टक्केच प्रकाश जातो, मागची पेटी सतत उजळ ठेवावी लागते. पेटीतल्या वस्तूसाठी ठीक, मोकळ्या काचेसाठी निरुपयोगी.

जवळून ठिपके सुटे सुटे मोजता येतात का? येत असतील तर ती एलईडी फिल्म किंवा जाळी. ठिपक्यांतलं अंतर काही मिलिमीटर असतं. उजेड भरपूर, हजारो निट (निट म्हणजे पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक), त्यामुळे उन्हाला तोंड देते. पण दोन मीटरवरून अक्षरं फुटलेली दिसतात. रस्त्यावरून दहा मीटरवर उभ्या माणसासाठी तीच बरी.

ठिपके दिसत नाहीत आणि मागे पेटीही नाही, तर ते ओलेड. ५५ इंची फुल एचडी पॅनेलवर ठिपक्यांतलं अंतर सुमारे ०.६३ मिलिमीटर असतं, म्हणजे दोन-सव्वादोन मीटरवरून ते डोळ्याला जाणवत नाहीत. गिऱ्हाईक हातभर अंतरावर उभं राहणार असेल, तर अक्षरांच्या रेषा साफ दिसतात त्या फक्त यातच.

४. काळा रंग का दिसत नाही? आमचा काळ्या पट्टीवरचा लोगो गायबच झाला.

ओलेडमध्ये काळा म्हणजे ठिपका बंद, आणि इथे बंद ठिपका म्हणजे उघडी काच. मागे जे असेल तेच 'काळं' दिसणार. गडद निळा, मरून, तपकिरी हेही अर्धवट पारदर्शक होतात. काळी अक्षरं असलेला लोगो पांढऱ्या किंवा सोनेरी अक्षरांत नव्याने करून घ्या. काही महागड्या मॉडेलांत मागे काळा पडदा वर-खाली होतो. एलजीने २०२४ च्या सुरुवातीला दाखवलेल्या ७७ इंची पारदर्शक टीव्हीत ती सोय आहे, पण तो दिवाणखान्यातला टीव्ही आहे, दुकानाच्या काचेसाठी केलेला नाही.

५. दुकानाच्या दर्शनी काचेवर दिवसा चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो.

५५ इंची पारदर्शक पॅनेलचा उजेड छोट्या भागात ४०० निटच्या आसपास, पूर्ण पांढरा पडदा असेल तर त्याहून बराच कमी. आता समोरच्या रस्त्यापलीकडची इमारत बघा. तिच्या क्रीम रंगाच्या भिंतीवर ६०,००० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक) ऊन पडलं आणि भिंतीने निम्मं परतवलं, तर ६०,००० × ०.५ ÷ ३.१४, म्हणजे साधारण ९,५०० निट. तुमची काच त्यातलं ८ टक्के गिऱ्हाइकाच्या डोळ्यात परत फेकते: ७६० निट. पडद्याचे ४०० आणि प्रतिबिंबाचे ७६०. गिऱ्हाइकाला समोरची इमारत दिसते, तुमची जाहिरात नाही.

यात एक फसवणूक लपलेली आहे. उत्तरमुखी दुकानवाले म्हणतात, आमच्यावर ऊन येतच नाही. तुमच्यावर येत नाही, पण समोरच्या इमारतीची दक्षिण बाजू वर्षातला बराच काळ दुपारभर उन्हात असते आणि तीच तुमच्या काचेत उमटते. उलट दक्षिणमुखी दुकानासमोरची भिंत सावलीत असू शकते, पण तिथे पॅनेल स्वतः तापतं (प्रश्न ८). अरुंद गल्ली, पुढे आठ-दहा फुटांचं छत किंवा पोर्च, समोर मोठं झाड, यातलं काही असेल तर विचार करा.

रात्री चित्र पालटतं. समोरच्या भिंतीवर रस्त्याच्या दिव्याचे २० लक्स असतील, तर काचेतलं प्रतिबिंब पाव निटच्या आसपास येतं. तेव्हा हाच पडदा डोळे दिपवतो आणि उजेड कमी करावा लागतो.

फुकटात तपासायचं असेल तर फोन घ्या. ऑटो ब्राइटनेस बंद करा (नाहीतर उन्हात फोन आपणहून जास्त उजळतो), उजेड पूर्ण ठेवा, काळ्यावर पांढरी मोठी अक्षरं उघडा, फोन काचेच्या आतल्या बाजूला लावून धरा आणि दुपारी बारा, तीन व पाचला बाहेरून वाचा. फोनवरचं वाचता येत नसेल तर पॅनेलवरचंही येणार नाही.

६. आहे त्याच काचेवर फिल्मसारखं चिकटवता येतं का?

नाही. फिल्म म्हणून जे मिळतं ते एलईडी (प्रश्न ३). ओलेड पॅनेल ही स्वतःच एक काच आहे, तिच्या एका कडेला इलेक्ट्रॉनिक्सची पट्टी असते आणि ती लपवायला जागा लागते. ही पट्टी वर घ्यायची की खाली, हे फर्निचर करण्याआधी ठरवा. उत्पादकाने परवानगी दिलेल्या दिशेलाच पॅनेल बसवायचं. आडवं पॅनेल मनाने उभं केलं की पट्टीतली उष्णता चुकीच्या बाजूला साठते आणि वॉरंटीवर प्रश्न येतो.

७. बसवताना फॅब्रिकेटरला आणि काचवाल्याला काय काय सांगायचं?

क्रम महत्त्वाचा आहे.

आधी माप. पॅनेल हातात आल्याशिवाय चौकट वेल्ड करू देऊ नका, निदान उत्पादकाच्या ड्रॉइंगची प्रिंट फॅब्रिकेटरच्या हातात द्या. चौकट आणि पॅनेल यांत चारही बाजूंनी ३-४ मिलिमीटर मोकळे सोडा आणि त्यात रबर गास्केट घाला. उष्णतेने लोखंड आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. घट्ट बसवलेलं पॅनेल कोपऱ्यातून तडकू शकतं.

दुसरं, टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही. ड्रिल लावलं की अख्खी काच भुगा होते. वायर किंवा क्लॅम्पची भोकं टफनिंगला पाठवण्याआधी पाडून घ्या.

तिसरं, सिलिकॉन. काचवाल्याकडचं स्वस्त सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो ॲसेटिक ॲसिडचा. ती वाफ धातूच्या जोडांना आणि पॅनेलच्या कडेला गंजवते. डब्यावर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलंच वापरा, आणि पॅनेलच्या कडेचं सील सिलिकॉनने झाकू नका.

चौथं, अंतर. दर्शनी काच आणि पॅनेल यांत किमान चार-पाच इंच ठेवा. हवा खेळते, फडकं घातलेला हात आत जातो. खाली-वर दोन्हीकडे हवेला वाट हवी, फक्त खाली भोकं पाडून उपयोग नाही.

पाचवं, शटर. रोलिंग शटरच्या चौकटीला पॅनेलचा कुठलाही आधार जोडू नका. रोज दोनदा तो हादरा बसतो, स्क्रू सैल होतात आणि रिबन केबलचा (पॅनेलला जोडणाऱ्या चपट्या वायरचा) जोड हळूहळू सुटतो. छताला टांगणार असाल तर पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नव्हे, स्लॅबला अँकर मारा, आणि पॅनेल-चौकटीच्या वजनाच्या चौपट भार पेलेल असा. सोबत एक सुटी सुरक्षा दोरीही.

सिग्नलचं म्हणाल तर एचडीएमआय वायर दहा मीटरच्या आत ठेवा. जास्त लांब असेल तर कॅट-६ वरून जाणारा एक्स्टेंडर लावा. वायर पीव्हीसी पाइपातून न्या आणि पाइपाची तोंडं बुजवा. धान्याच्या आणि कपड्याच्या दुकानांत पॅनेल बंद पडण्याचं पहिलं कारण उंदीर असतो, पॅनेल नव्हे.

८. आमच्याकडे मेमध्ये पारा ४३ वर जातो. पडदा टिकेल का?

बहुतेक पॅनेलांच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. ते पॅनेलभोवतीच्या हवेचं तापमान आहे, हवामान खात्याचा आकडा नव्हे. परभणी-नांदेडला बाहेर ४३ असताना पश्चिमेच्या बंद काचेआड संध्याकाळी पाच वाजता हवा ५० च्या पुढे सहज जाते. ओलेडमधली रसायनं उष्णतेने लवकर थकतात, निळी सगळ्यात आधी. एका उन्हाळ्यात पडदा बंद पडणार नाही, पण त्याचा रंग पिवळसर झुकू लागतो आणि त्यावर उपाय नाही.

म्हणून: थेट ऊन लागणारी जागा टाळा. बसवण्याआधी तिथे थर्मामीटर ठेवून एप्रिल-मेमधल्या दुपारी मोजा. ४० च्या वर जात असेल तर दोन छोटे एक्झॉस्ट पंखे, एक खाली हवा घेणारा आणि एक वर सोडणारा. दुपारी १ ते ५ पडदा बंद ठेवला तरी फारसं नुकसान नाही, कारण त्या वेळी बाजारपेठेत फिरतं कोण? एसीचा झोत मात्र थेट पॅनेलवर सोडू नका. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत गार काचेवर बाहेरून दव धरतं.

९. लाइट जाते, व्होल्टेज वर-खाली होतं. स्टॅबिलायझर पुरेल?

स्टॅबिलायझर बहुधा लागतच नाही. पॅनेलच्या पॉवर सप्लायवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेज तो आपणच सांभाळतो. खरे शत्रू तीन.

पहिला, वळवाच्या विजा. मेन बोर्डात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर बसवा. अर्थिंग नीट नसेल तर तो शोभेचाच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायला कुणाला तरी नेमा.

दुसरा, न्यूट्रल तुटणं. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल गेला की सिंगल फेजवर ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतात. २७० च्या वर गेलं की लाइन तोडणारं ओव्हर-व्होल्टेज उपकरण मीटरनंतर लावा. पॅनेलच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

तिसरा, अचानक जाणारी आणि लगेच येणारी लाइट. त्यासाठी १ केव्हीएचा 'ऑनलाइन' प्रकारचा (सतत बॅटरीमार्गे वीज देणारा) युपीएस. ५५ इंची पॅनेल आणि प्लेअर (पडद्याला चित्र पुरवणारी डबी) मिळून अंदाजाला २५० वॅट धरा, नक्की आकडा मागच्या प्लेटवर असतो. २५० वॅट, रोज १२ तास म्हणजे ३ युनिट, महिन्याला ९०. आपल्या बिलातल्या व्यावसायिक दराने गुणा.

१०. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो. चालेल ना?

नाही चालत, आणि हे विकणारा सहसा सांगत नाही. ओलेड पडदा रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत स्वतःची दुरुस्ती करतो: कोणता ठिपका किती झिजला हे मोजून त्याला किती वीज द्यायची ते ठरवतो. त्याला काही मिनिटं लागतात, बऱ्याच तासांच्या वापरानंतरची मोठी फेरी तासभरही चालते. मेन स्विच पाडला की ही फेरी होतच नाही आणि दोन-तीन महिन्यांत पडद्यावर पट्ट्या नि सावल्या दिसू लागतात.

पॅनेल आणि युपीएसला वेगळी एमसीबी द्या, तिच्यावर 'बंद करू नका' असं मोठ्या अक्षरात चिकटवा, आणि दुकान झाडणाऱ्या पोऱ्यालाही सांगा.

११. सोन्याचा भाव दिवसभर एकाच जागी दाखवायचा आहे. डाग पडेल का?

पडेल. एकच आकडा-चौकट रोज दहा तास एकाच जागी राहिली की तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात आणि पडद्यावरचं चित्र बदलल्यावरही तिथे पुसट सावली राहते. टाळण्यासाठी भावाची पट्टी दर काही मिनिटांनी डावी-उजवी, वर-खाली सरकती ठेवा. चौकटीची रेघ, दुकानाचं नाव, 'आजचा भाव' हे शब्द हेच कायम एकाच जागी असतात, ते आधी हलवा. शुभ्र पांढऱ्याऐवजी ६०-७० टक्के राखाडी-पांढरा वापरा, घरातल्या उजेडात फरक कळत नाही. आणि प्रश्न १० मधली रात्रीची फेरी चुकवू नका.

फक्त भावच दाखवायचा असेल तर साधा एलईडी बोर्ड लावा. यावर खर्च करणं उधळपट्टी आहे.

१२. मजकूर आणि व्हिडिओ कसा तयार करायचा?

पार्श्वभूमी शुद्ध काळी, म्हणजे लाल-हिरवा-निळा तिन्ही शून्य. इथे हमखास गडबड होते ती अशी: प्लेअर व्हिडिओचा काळा (० ते २५५ पैकी) १६ या पातळीवर पाठवतो आणि पडदा ० ची वाट बघतो. मग सगळी काच धुरकट राखाडी उजळते आणि पारदर्शकपणा गेला असं वाटतं. पॅनेल खराब नाही. प्लेअर आणि पडदा दोन्हीकडे एचडीएमआय रेंज एकच ठेवा, दोन्ही 'फुल' किंवा दोन्ही 'लिमिटेड'.

मराठी अक्षरांचं वेगळं सांगावं लागतं. बारीक वळणाच्या फॉन्टमध्ये मात्रा, रफार, अनुस्वार मागच्या वस्तूंच्या गर्दीत हरवतात आणि 'में'चा 'मे' होतो. मुक्ता किंवा बालू यांसारख्या फॉन्टचं जाड वजन घ्या. तीन मीटरवरून वाचायचं असेल तर शिरोरेषेपासून खालचं अक्षर निदान ४ सेंटिमीटर उंच हवं, मात्रांची जागा वेगळी. एका वेळी सहा-सात शब्दांच्या वर नको.

डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर दिला तर प्लेअरवर इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो. त्यामुळे मजकूर म्हणून देऊच नका. १९२० × १०८० ची पीएनजी किंवा एमपी४ करून द्या.

१३. मागच्या बाजूने काय दिसतं?

तेच चित्र, फिकं आणि उलटं. आतल्या गिऱ्हाइकाला 'सवलत' आरशातलं दिसणार. दोन्हीकडून माणसं वावरत असतील तर अक्षरं कमी, आकृत्या जास्त ठेवा: पैठणीवरचा मोर, फूल, नथ हे कुठूनही पाहिलं तरी चालतं. दोन्ही बाजूंना वाचता येईल असा मजकूर एका पॅनेलवर मिळत नाही.

१४. साड्यांच्या किंवा दागिन्यांच्या शोकेसला लावायचा आहे. मागचा माल नीट दिसत नाही, काय करू?

ओलेड खरा शोभतो तो इथेच, दुकानाच्या आतल्या शोकेसवर. माल दिसत नाही कारण शोकेसमध्ये दिवे कमी पडतात. पॅनेल ६० टक्के उजेड खातं, म्हणून आतला उजेड अडीच पट करावा लागतो. पूर्वी पैठणीवर ४०० लक्स होते तर आता १,००० हवेत.

पण सगळीकडे नव्हे. मागची भिंत उजळली तर पडद्यावरची अक्षरं फिकी पडतात. ५०० लक्सची पांढरी भिंत सुमारे १२५ निट परतवते, त्यातले ५० पॅनेलमधून येतात. पडद्याचे ४०० त्यावर छान उठतात. भिंतीवरचा उजेड चौपट केलात की तेच ५० चे २०० होतात आणि अक्षर कोमेजतं. म्हणून भिंत गडद, मॅट (मखमल, काळपट जांभळं कापड), आणि दिवे अरुंद कोनाचे, फक्त वस्तूवर. सोन्याला ३,००० केल्विन (पिवळसर उजेड), हिऱ्याला ४,००० च्या वर (पांढरा). दिवे पॅनेलच्या मागे वर-खाली लपवा, समोरून पॅनेलवर दिवा पाडू नका.

मजकूर वस्तूच्या शेजारी येऊ द्या, वस्तूवर नको. पदर मागे, त्याच्या डाव्या बाजूला 'असावली', 'बांगडी मोर' अशी नक्षीची नावं. गिऱ्हाईक हलतं तसं नाव आणि पदर यांचं अंतर बदलतं, म्हणून वस्तू पॅनेलच्या मागे १५-२० सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू नका.

१५. संग्रहालयात जुनं हिमरू किंवा हस्तलिखित याच्या पुढे लावता येईल?

येईल, पण उजेडाचा हिशेब उलटा होतो. जुनं कापड आणि कागद यांना ५० लक्सची मर्यादा पाळतात. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १,२०,००० लक्स-तास. प्रश्न १४ मधला अडीच पट उजेडाचा उपाय इथे वापरता येत नाही. शिवाय पॅनेलचा थोडा उजेड मागेही पडतो, तोही याच कोट्यात मोजायचा. लक्समीटर वस्तूच्या जागी ठेवा, बाकी दिवे मालवा, पडदा पूर्ण पांढरा करा आणि आकडा घ्या.

मार्ग असा: दालन अंधारं ठेवा, पडद्याचा उजेड ८०-१०० निटवर आणा, आणि माणूस समोर आला तरच चालू होणारा सेन्सर लावा. तेरसारख्या ठिकाणी सापडणाऱ्या भाजक्या मातीच्या मूर्तींना उजेडाचं भय नाही, त्यांच्यापुढे खुशाल लावा. हस्तिदंताला उष्णता आणि कोरडी हवा बाधते, तिथे पॅनेल पेटीच्या बाहेर ठेवा, आत नको.

१६. पार्लरच्या आरशात वेळ आणि मेनू दाखवायचा आहे.

यासाठी ओलेड घेऊ नका. अर्धपारदर्शक आरसा आणि त्यामागे साधा एलसीडी मॉनिटर लावला की तेच काम किमतीच्या छोट्या हिश्शात होतं. आरशामागचा भाग तसाही दिसायला नको असतो.

१७. गाडीच्या किंवा ट्रॅव्हल्स बसच्या काचेवर?

केंद्रीय मोटार वाहन नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. ४० टक्क्यांचं पॅनेल दोन्हीकडे नापास. चीनमध्ये २०२० साली बीजिंग आणि शेनझेनच्या मेट्रोच्या खिडक्यांत अशी ५५ इंची पॅनेलं बसली, पण ती रुळावरची गाडी, तिथे चालकाला बाजूच्या काचेतून बघायचं नसतं. बसमध्ये चालकामागच्या केबिनच्या काचेचा विचार होऊ शकतो, आणि तोही आरटीओला विचारून.

१८. देवळात गाभाऱ्याच्या काचेवर आरतीचा मजकूर?

कापूर-धुपाची काजळी, तेल, अभिषेकाची ओल. तिन्ही पॅनेलच्या कडेला चिकटतात. सभामंडपात, गाभाऱ्यापासून लांब लावा. भाविक बरेच आणि लांब उभे राहणार असतील तर साधा मोठा टीव्हीच बरा.

१९. पुसायचा कशाने?

बोअरच्या पाण्याने नको. आपल्याकडचं पाणी जड, वाळल्यावर पांढरे क्षाराचे डाग राहतात आणि ते खरवडताना काचेवरचा लेप जातो. पडदा बंद करून गार होऊ द्या, आधी मऊ ब्रशने धूळ उडवा, मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलसर केलेलं मायक्रोफायबर कापड. पडद्यावर थेट फवारा मारू नका, थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतो. अमोनियाचे काच-क्लीनर, सॅनिटायझर आणि वर्तमानपत्र, तिन्ही टाळा.

२०. दुकानाची पाटी म्हणून हाच पडदा वापरला तर?

राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाला मराठी देवनागरी पाटी लागते आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. पडदा दिवसा वाचता येत नसेल (प्रश्न ५) किंवा लाइट गेल्यावर कोरी काच उरत असेल, तर त्याला पाटी म्हणून दाखवणं अवघड. रंगवलेली पाटी वेगळी ठेवाच. बाहेरच्या लोकांना दिसणाऱ्या जाहिरातीसाठी महापालिका किंवा नगरपालिकेच्या परवाना विभागात आधी विचारून घ्या.

२१. कोटेशन घेताना काय लिहून घ्यायचं?

५५ इंची खरं ओलेड पॅनेल लाखांत जातं. कुणी ते साध्या टीव्हीच्या भावात देत असेल तर ती वस्तू वेगळी आहे (प्रश्न ३). ३२ इंचांवरच्या टीव्ही आणि मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, जुन्या दराचं कोटेशन परत पाठवा.

लिहून घ्यायच्या गोष्टी: पारदर्शकतेचा टक्का. उजेड पूर्ण पांढऱ्याला किती आणि छोट्या भागाला किती, दोन्ही आकडे. रोज किती तास चालवायची मुभा. डाग पडणं वॉरंटीत आहे की नाही, बहुधा नसतं. दुरुस्तीला माणूस कुठून येणार, संभाजीनगरहून की मुंबई-पुण्याहून, आणि तोवर पर्यायी पडदा मिळणार का. वाहतुकीत फुटलं तर कोणाचं. पॅनेल आडवं झोपवून आणू नका, उभं आणायला सांगा आणि खोलण्याचा व्हिडिओ काढा.

२२. कोपऱ्यात काळे ठिपके आलेत आणि दर महिन्याला मोठे होतात. दुरुस्त होईल?

ती ओल आहे. ओलेडचे थर पाण्याच्या वाफेला इतके नाजूक असतात की सीलमधून दिवसाला प्रति चौरस मीटर ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकीच वाफ आत गेलेली चालते. कडेचं सील एकदा तडकलं (घट्ट चौकट, ॲसेटिक सिलिकॉन किंवा वाहतुकीतला धक्का, प्रश्न ७ पाहा) की ओल आत शिरते, धातूचा थर सुटतो आणि तो भाग उजळत नाही. बाहेरून सील लावून ते थांबत नाही, कारण ओल आधीच आत आहे. पॅनेल बदलावं लागतं.

ठिपका मोठा होत नसेल, एकाच जागी, एकाच आकाराचा असेल तर तो मेलेला पिक्सेल, ओल नव्हे. आणि उभी-आडवी पूर्ण रेघ गेली असेल तर बहुधा रिबन केबलचा जोड सुटलेला असतो. ते दुरुस्त होतं, फक्त शेजारच्या मोबाइलवाल्याकडून नव्हे: तो हीटगन लावतो आणि केबलसोबत काचही जाते. ठिपक्यांचा पट्टीसह फोटो तारीख टाकून दर पंधरा दिवसांनी काढा, वाढतोय की नाही हे त्यातून सिद्ध होतं आणि वॉरंटीचा दावा करताना तोच कामाला येतो. बाद झालेलं पॅनेल भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.